कसब्याची पांढर

हिंजवडीत पाहुण्याला जुनं काही दाखवायचं म्हटलं तर म्हातोबाचं देऊळ आहे. चैत्री पौर्णिमेला तिथलं बगाड वाकडकडे निघतं आणि त्या दिवशी वाहतुकीत अडकलेल्या आयटीवाल्यांना शोध लागतो की आपण नोकरी करतो ते नुसतं पार्क नाही, गावसुद्धा आहे. बाकी जे दिसतं ते गेल्या पंचवीस-तीस वर्षांतलं. राजीव गांधी इन्फोटेक पार्कच्या काचेच्या इमारती उभ्या राहिल्या त्या मुळशी तालुक्यातल्या रानांवर, म्हणजे जुन्या गावगाड्याच्या हिशेबात काळीवर. गावाच्या जमिनी दोन: पिकाची काळी आणि वस्तीची पांढरी. एकाच जागी पिढ्यान्‌पिढ्या माणसं राहिली की मातीच्या भिंती ढासळतात, त्यावर नव्या उभ्या राहतात, चुलीची राख, शेण, फुटकी खापरं जिरत जातात आणि वस्तीखालची जमीन फिकट, भुसभुशीत होऊन वर चढते. पांढर अशी वाढते. ती विकत घेता येत नाही आणि घाईनं तयार करता येत नाही.

माझी भाची कोल्हापूरची. फेज थ्रीमध्ये नोकरी करते. पुण्यात येऊन बरीच वर्षं झाली, पण तिचं पुणं वाकडच्या पुलापाशी संपतं. "मामा, खरं पुणं दाखवा की एकदा," असं तिनं म्हटल्यावर एका शनिवारी सकाळी आम्ही पीएमपीच्या बसनं मनपाला उतरलो आणि चालत नव्या पुलावर आलो. या दगडी पुलाला शिवाजी पूल असं नाव आहे, तो 1923 मध्ये बांधून झाला. शंभरी उलटली तरी जुन्या पुणेकरांच्या तोंडी तो नवाच आहे. पुलावरून पलीकडे पाहिलं की एक गोष्ट कळते. मुठेच्या पात्रापासून कसबा, म्हणजे मूळ पुणं, चढावर आहे. हा चढ काही अंशी निसर्गाचा आणि काही अंशी माणसांनी राहून राहून केलेला. डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी या पांढरीत शोध घेतला तेव्हा वस्तीच्या खुणा सातवाहन काळापर्यंत मागे गेल्या. लेखी पुरावा त्यानंतरचा. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या 758 आणि 768 सालच्या ताम्रपटांत या भागाचं नाव येतं. जंगली महाराज रस्त्यावरचं पाताळेश्वराचं लेणंही साधारण त्याच काळातलं, आणि अपुरं राहिलेलं. पुण्याला काम अर्धवट सोडायची सवय तेव्हापासूनची असावी.

पूल ओलांडला की शनिवारवाडा. भाचीनं दिल्ली दरवाज्यासमोर फोटो काढून घेतला, आम्ही तिकीट काढून आत गेलो, आणि दोन मिनिटांत ती म्हणाली, "आत काहीच नाही की!" तिचं बरोबर होतं. पायाभरणी 10 जानेवारी 1730 ची, वास्तुशांत 22 जानेवारी 1732 ची, पहिल्या बाजीरावांनी त्या वेळी केलेला खर्च 16,110 रुपये. हे आकडे पुण्यातल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतात. पण 27 फेब्रुवारी 1828 ला वाड्याला आग लागली, ती कित्येक दिवस धुमसत राहिली आणि लाकडाचं जे होतं ते सगळं गेलं. उरले ते तट, बुरूज, दरवाजे. इंग्रजी अमलात आतल्या जागेवर सरकारी कामकाजाच्या इमारती उभ्या राहिल्या. 1919 मध्ये वाडा संरक्षित स्मारक ठरला, त्या इमारती हटवल्या गेल्या आणि मातीखालचे चौथरे उघडे करण्यात आले. म्हणजे आपण हिरवळीतून चालताना जे पायथे पाहतो ते एका जुन्या उत्खननाचे खड्डे आहेत. लोक किल्ला पाहायला येतात आणि नकळत पुरातत्त्वाची जागा पाहून जातात. तशी पाटी तिथं ठळकपणे लावली तर निम्मी निराशा कमी होईल.

हजारी कारंज्यापाशी मात्र ती रेंगाळली. सोळा पाकळ्यांचं दगडी कमळ आता कोरडं आहे. तिला प्रश्न पडला तो पाण्याचा. नदी तर खाली, मग पाणी इथं चढलं कसं? ते नदीचं नव्हतंच. नानासाहेब पेशव्यांनी अठराव्या शतकाच्या मध्यात कात्रजला बंधारे घालून तिथलं पाणी जमिनीखालच्या बांधीव नळांतून शहरात आणलं. कात्रज उंचावर, त्यामुळे पाणी आपल्या उतारानं यायचं. वाटेत उच्छ्वास होते, गाळ बसायला जागा होत्या आणि पेठांमधून हौद होते. काळा हौद, बदामी हौद, फडके हौद, साततोटी हौद ही नावं आज चौकांना आणि पोलीस चौकीला चिकटून राहिली आहेत. ज्याच्या दाराजवळ हौद त्याची पेठेत पत होती. आमच्याकडे हिंजवडीत सोसायटीच्या फाटकावर टँकर उभे असतात, त्यामुळे तिला हा विषय परका वाटला नाही.

तिथून समोरच लालमहाल. शहाजीराजांनी जिजाऊ आणि बाल शिवाजीसाठी बांधलेला, 5 एप्रिल 1663 च्या रात्री शाहिस्तेखानाची बोटं जिथं तुटली तो. भाची हात जोडून आत गेली, चित्रं पाहिली आणि बाहेर येता येता पाटी वाचून थबकली. महापालिकेनं ही वास्तू 1988 मध्ये पूर्ण केली आहे. मूळ महाल त्याच्या किती तरी आधी नाहीसा झाला होता.

"अठ्ठ्याऐंशी? म्हणजे माझ्याहून जरासाच मोठा. मामा, मग इथं जुनं असं काय आहे?"

प्रश्न तिनं गमतीनं विचारला असला तरी त्याला उत्तर द्यायला हवं होतं. शनिवारवाड्याचे पायथे, लालमहालाची प्रतिकृती. पुण्याच्या पर्यटनाच्या नकाशावर हेच दोन ठिपके मोठे असतात. मला स्वतःला लालमहालाचं वावडं नाही, शाळेच्या सहलींना उभं राहायला एक जागा लागते. पण कसबा पाहायचा तर या दोन वास्तूंकडे पाठ करून गल्लीत शिरावं लागतं.

आधी कसबा गणपती. पुण्याचं ग्रामदैवत, विसर्जनाच्या मिरवणुकीतला पहिला मानाचा. शेंदराच्या जाड थराखाली मूर्तीचे अवयव उरलेले नाहीत, नुसता तांदळा आहे. देऊळ जिजाऊंनी बांधलं अशी परंपरा, काळ 1636 च्या आसपासचा. त्याच्या थोडंच आधी, 1630 च्या सुमाराला, आदिलशाही सरदार मुरार जगदेवानं पुणं उद्ध्वस्त करून गाढवांचा नांगर फिरवला होता आणि जमिनीत पहार ठोकून तिला तुटकी वहाण टांगली होती. इथं पुन्हा कुणी नांदू नये असा त्याचा अर्थ. वस्तीवर नांगर फिरवणं म्हणजे पांढरीची काळी करणं. शिक्षा देणाऱ्याला गावगाड्याची भाषा पक्की येत होती. जिजाऊंनी त्याला उत्तर दिलं तेही त्याच भाषेत. सोन्याचा फाळ लावलेला नांगर याच जमिनीवर फिरवून शाप उतरवल्याची गोष्ट पुण्यात घरोघर सांगतात. सोन्याच्या फाळाचा कागदोपत्री पुरावा मागणाऱ्यांनी मागावा. पळालेल्या कुळांना परत बोलवायचं तर राजकर्त्याला काही तरी डोळ्यांना दिसेल असं करावं लागतं, एवढं मला पटतं. दादोजी कोंडदेवांच्या व्यवस्थेत गाव पुन्हा वसलं आणि त्यानंतर ते उठलं नाही.

देवळाच्या पुढं गल्ल्या अरुंद होत जातात. एका वाड्याचं नुसतं तोंड शिल्लक होतं: दगडी जोतं, दिंडी असलेला दरवाजा, त्यावर गणेशपट्टी, सुरूचे दोन खांब आणि केळफुलाच्या नक्षीचे हस्त. मागं पत्रे ठोकलेले. पत्र्याच्या फटीतून पाहिलं तर आत पायाचा खोल खड्डा खणलेला. मी भाचीला तिथं उभं केलं. खड्ड्याच्या कडेला मातीचे पट्टे स्पष्ट दिसत होते. सगळ्यात वर सिमेंट आणि डबर, मग भाजक्या विटांचा चुरा, मग राखाडी पट्टा, त्यात खापऱ्या आणि हाडांचे तुकडे, त्याखाली फिकट पिवळसर माती माणसाच्या उंचीएवढी, आणि तळाशी ओलसर मुरूम.

"हे जुनं," मी म्हणालो.

ती बराच वेळ पाहत राहिली. मग इंजिनियरचा प्रश्न आला: "आणि हे उद्या डंपरमध्ये भरून नेणार? आधी कुणी बघत नाही?"

बहुतेक वेळा नाही. खाजगी जागेवर वाडा पाडून इमारत बांधताना खालचे थर पुरातत्त्वज्ञानं तपासले पाहिजेत अशी सक्ती आपल्याकडे नाही. कुणा बांधकामवाल्याला किंवा घरमालकाला हौस असली, ओळखीचा अभ्यासक असला, तर चार खापरं वाचतात. दुसरीकडे, संरक्षित स्मारकाच्या भोवतीचा कायदा कडक आहे. 2010 च्या दुरुस्तीनंतर स्मारकापासून 100 मीटरपर्यंत नवं बांधकाम बंद, त्यापुढच्या 200 मीटरमध्ये परवानगी घेऊनच. शनिवारवाड्याभोवती राहणाऱ्यांना त्याचा जाच होतो. वाडा मोडकळीला आलेला, भाडेकरू पागडीचे, मालक चार भावांत वाटलेला, पावसाळ्यात भिंत फुगते आणि दुरुस्तीला परवानगीचे हेलपाटे. त्यांच्या रागाला मी नावं ठेवत नाही. ज्यांच्या डोक्यावर कडीपाट गळतो त्यांना वारशाचं व्याख्यान देऊ नये. पण एकाच पेठेत एका बाजूला खिळा ठोकायला कागद लागावा आणि दोन गल्ल्या पलीकडे दोन हजार वर्षांची माती बिनदिक्कत उचलली जावी, हा हिशेब मला कधी जुळवता आलेला नाही.

यानंतर जे झालं ते मी ठरवून केलेलं नव्हतं. ठोक्यांचा आवाज आला आणि भाची आवाजाच्या रोखानं चालायला लागली. तांबट आळी. पेशवाईत कोकणातून इथं येऊन वसलेले तांबट. हंडे, कळशा, घंगाळी, बंब, पातेली हा त्यांचा व्यवसाय. आळीत काळिकामातेचं देऊळ आहे आणि त्याच्या आजूबाजूला अजून थोडी घरं अशी आहेत जिथं पुढच्या खणात कारखाना आणि मागं-वर संसार. आम्ही दारात थांबलो तेव्हा एक वयस्क कारागीर लोखंडी खरवईवर हंडा फिरवत त्यावर मठार मारत होते. हातोडीचा प्रत्येक ठोका आधीच्या ठोक्याच्या कडेला बसत होता आणि तांब्यावर छोट्या चकचकीत खळग्यांच्या ओळी उमटत होत्या.

"काका, ही नक्षी आहे का?" भाचीनं विचारलं.

"नक्षी म्हणा, पण त्यासाठी नाही मारत. ठोकल्यानं पत्रा घट्ट होतो. भट्टीतनं काढल्यावर तांबं मऊ असतं, बोटानं दबेल. मठारलं की ताठ."

त्यांनी तिच्या हातात दोन वाट्या दिल्या, एक मठारलेली, एक बिनमठारलेली, आणि दाबून बघ म्हणाले. तिनं दाबलं. बिनमठारलेली वाकली. काकांनी ती परत घेऊन दोन ठोक्यांत सरळ केली. स्टील आलं, गिझर आला, घंगाळ आणि बंब घरांतून गेले, हे त्यांनी अगदी सहज सांगितलं. हल्ली हॉटेलांचे दिवे, बाटल्या, शोभेच्या कुंड्या अशी कामं येतात. इंटॅकच्या पुणे शाखेनं मध्यंतरी इथल्या कारागिरांना नव्या घाटांची कामं मिळावीत म्हणून प्रयत्न केले, त्याचा काहींना उपयोग झाला. मुलगा हे काम करतो का, असं विचारणार होतो, पण तेवढ्यात आतून पँटशर्टातला एक तरुण लॅपटॉपची बॅग अडकवून बाहेर पडला. "हिंजवडीला असतो," काका म्हणाले. भाचीनं विचारलं, कुठला फेज? दोघांचा फेज एकच निघाला, आणि मग पाच मिनिटं मठारकाम बाजूला राहून शेवटच्या बसच्या वेळेवर चर्चा झाली.

कसब्याच्या पूर्वेला नागझरी. एके काळी हा ओढा गावाची सीमा होता. आता त्याला ओढा म्हणायला धीर लागतो. पलीकडे सोमवार पेठ, मूळची शहापुरा. पुण्यातल्या बऱ्याच पेठांना वारांच्या आधी दुसरी नावं होती. बुधवार पेठ औरंगजेबानं 1703 मध्ये वसवली तेव्हा मोहियाबाद होती. सोमवारात त्रिशुंड गणपतीचं देऊळ आहे आणि पुण्यात एकच जुनं देऊळ पाहायला वेळ असेल तर मी तिथं जायला सांगेन. भीमजीगिरी गोसाव्यांनी 1754 मध्ये काम सुरू केलं, प्रतिष्ठापना 1770 ची. देव मोरावर बसलेला, तीन सोंडांचा. गर्भगृहाच्या भिंतीवर दोन संस्कृत आणि एक फारसी असे शिलालेख. गोसावी मठात फारसी चालत होती, त्याचं कुणाला नवल वाटत नव्हतं. खरी मेजवानी मात्र दर्शनी भिंतीवर आहे. द्वारपालांच्या खाली, डोळ्यांच्या उंचीवर, टोपीवाले शिपाई एका गेंड्याला साखळदंडानं बांधताहेत. गेंडा पुण्यात कुठून आला? गेंडा बंगाल-आसामचा. 1757 च्या प्लासीनंतर बंगाल कंपनीच्या हाती गेला आणि त्याच सुमाराला हे देऊळ उभं राहत होतं, म्हणून हे शिल्प बंगाल गिळणाऱ्या इंग्रजांवरची टीका आहे असा अर्थ लावला जातो. तो खरा असेल तर पेशवे दरबाराच्या आधी एका पाथरवटाला धोका दिसला होता. भाचीनं शिपायांच्या टोप्या नीट न्याहाळल्या आणि म्हणाली, "हे व्यंगचित्रच आहे."

परत फिरताना फडके हौदावरून बुधवारात आलो. दगडूशेठच्या गर्दीसमोर भिडेवाड्याची जागा आहे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी 1848 मध्ये मुलींची शाळा इथं भरवली. वाडा अनेक वर्षं पडायच्या बेतात उभा होता, खाली दुकानं, प्रकरण न्यायालयात. निकाल लागल्यावर डिसेंबर 2023 मध्ये महापालिकेनं तो पाडला आणि जागा राष्ट्रीय स्मारकासाठी घेतली. माझ्या मते त्या मोडक्या जिन्याची एखादी पायरी तरी जागेवर ठेवायला हवी होती. ज्या पायऱ्या चढून त्या मुली गेल्या त्यांची बरोबरी कुठलाही पुतळा करू शकत नाही. त्याच 1848 मध्ये, इथून हाकेच्या अंतरावर, नेटिव जनरल लायब्ररी सुरू झाली, आजचं पुणे नगर वाचन मंदिर; तिच्या उभारणीत लोकहितवादी होते. एकाच वर्षी, एकाच पेठेत या दोन गोष्टी घडल्या आणि त्या घडवणाऱ्यांत पटत नव्हतं असंही नाही. शनिवार-सदाशिवातल्या कर्मठांचा दगड-शेणाचा मारा सावित्रीबाईंनी ज्या रस्त्यांवर सोसला ते रस्ते मात्र हेच.

विश्रामबागवाडा थोडा पुढं. दुसऱ्या बाजीरावानं एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात बांधलेला. लाकडी कोरीवकामाचा दर्शनी भाग अजून देखणा आहे. पेशवाई बुडाल्यावर तीन वर्षांनी, 1821 मध्ये, इंग्रजांनी दक्षिणा निधीच्या पैशांतून इथं संस्कृत पाठशाळा काढली. त्याच पाठशाळेचं 1851 मध्ये इंग्रजी शाळेशी मिळून पूना कॉलेज झालं, 1864 मध्ये डेक्कन कॉलेज, आणि 1868 मध्ये ते येरवड्याच्या नव्या इमारतीत गेलं. टिळक, आगरकर, राजवाडे तिथले विद्यार्थी. 1939 मध्ये त्याची संशोधन संस्था झाली, ह. धी. सांकलिया तिथं आले आणि इनामगावसारख्या उत्खननांनी महाराष्ट्राचा अलिखित इतिहास तीन-साडेतीन हजार वर्षं मागे नेला. कसब्याची पांढर वाचणारे लोक या वाड्यातल्या पाठशाळेचेच वारस आहेत. राजवाड्यांनी 1898 पासून मराठ्यांच्या इतिहासाची साधनं छापायला घेतली आणि 7 जुलै 1910 ला खंडेराव मेहेंदळ्यांबरोबर भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केलं. माळ्यावरच्या पेटाऱ्यांतून, वाळवीच्या तोंडून त्यांनी आणि त्यांच्या मागच्यांनी मोडी कागद सोडवले. कागदाच्या बाबतीत पुण्यानं ही निकड शंभर वर्षांपूर्वी ओळखली. मातीच्या बाबतीत अजून ओळखायची आहे.

मंडईत पोचेपर्यंत भूक लागली होती. 2019 मध्ये मेट्रोच्या कामासाठी इथं खणताना मोठ्या जनावराची, बहुधा हत्तीची, हाडं निघाली होती. पुढं मुळा, मुठा, पवना अशा नावांच्या बोगदा खणणाऱ्या यंत्रांनी पेठांच्या पोटाखालून, पांढरीच्याही खालच्या काळ्या पाषाणातून वाट काढली आणि सप्टेंबर 2024 पासून कसबा पेठ, मंडई ही भुयारी स्थानकं सुरू झाली. जिथं गल्लीत रिक्षा वळत नाही तिथं जमिनीखालून गाडी धावते, ही सोय मला मनापासून आवडते.

मंडईची अष्टकोनी दगडी इमारत 1886 ची. त्याआधी भाजीबाजार शनिवारवाड्यासमोरच्या पटांगणात उघड्यावर भरायचा. नगरपालिकेत सदस्य असताना जोतीरावांनी या इमारतीवरच्या खर्चाला विरोध केला होता, आधी शाळांना पैसे द्या म्हणून. इमारत झाली, तिला गव्हर्नर रे यांचं नाव मिळालं आणि पुढं 1938 मध्ये महात्मा फुल्यांचं. मी हे भाचीला सांगत होतो, पण तिचं लक्ष गाळ्यावरच्या मावशींकडे होतं.

"मावशी, मटार कसे?"

"ऐंशी."

"हिंजवडीत साठनं मिळतात."

"मग हिंजवडीत घ्यायचे, बाई. इतक्या लांब कशाला आलीस?" असं म्हणून मावशींनी पाव किलो मापात टाकले, वर मूठभर घातले आणि सत्तरच्या भावानं दिले.